बल्ब पिवळा पडला की

नसीम,

परवा तुझा चाळिसावा झाला, तू जाऊन चाळीस दिवस. रुबीनाने पुलाव केला होता. तुझ्या हाताची सर नव्हती, तरी मी दोनदा वाढून घेतला, तुझ्या लेकीला वाईट वाटायला नको म्हणून. घर माणसांनी भरलं होतं. मी माझ्या नेहमीच्या जागी, खिडकीखालच्या वेताच्या मोड्यावर बसले. समोर दिवाणावर, तुझ्या जागी, लांबच्या नात्यातल्या दोन बायका गप्पा मारत बसल्या होत्या. त्यांना उठवावंसं फार वाटलं. उठवलं नाही. इतकी वर्षं तुझ्या संगतीत राहून एवढं तरी आलं पाहिजे.

तुला माहीतच आहे, मी लवकर रडणारी बाई नाही. तू गेल्याचा फोन आला तेव्हाही मला आधी रागच आला. आपलं एक भांडण राहिलं होतं. पूरिया रागाचं. मैफलीवरून परत येताना रिक्षात सुरू झालेलं आणि तू मध्येच गप्प बसल्यामुळे लटकत राहिलेलं. गाणाऱ्या बाई थकल्या आहेत असं माझं म्हणणं, थकल्या नाहीत असं तुझं. वीस वर्षं तरी झाली असतील त्याला. दर काही महिन्यांनी मी तो विषय काढायचे आणि तू चहा टाकायला उठायचीस. मला वाटायचं, आहे अजून वेळ, हिला कधीतरी कबूल करायला लावू. आता कबूल करायची पाळी माझ्यावर आलीय, म्हणून हे लिहितेय. पण लगेच करणार नाही. आयुष्यभर मला घाईची म्हणून चिडवलंस ना, मग आज जरा थांब.

आपण भेटलो ते शाळेच्या स्टाफरूममध्ये. मी गणिताची, तू उर्दूची आणि शिवणकामाची. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी तू सात वर्षांची होतीस. तुमच्या नवाबपुऱ्यातली कितीतरी घरं तेव्हा हैदराबादला गेली, काही त्याहून लांब गेली. तुझे अब्बा राहिले, कारण त्यांचा हिमरू कापड विणायचा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला होता आणि एकदा उखडला की तो पुन्हा तसा बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. राहिलात ते राहिलात, पण भोवतीची भाषा बदलली. तुझं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं आणि नोकरी टिकवायला मराठीची परीक्षा देणं भाग. हेडबाईंनी तुला माझ्याकडे पाठवलं. मी मधल्या सुट्टीत तुला काना-मात्रा शिकवायचे आणि तू माझ्यासाठी डब्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा आणायचीस. वेलांटी पहिली की दुसरी, यावर तू इतका विचार करायचीस की माझा जीव जायचा. घंटा व्हायची, मी पुस्तकं गोळा करून दारात उभी, आणि तू अजून त्या एका शब्दाकडे बघत बसलेली. पास मात्र पहिल्या फटक्यात झालीस.

त्याच्या बदल्यात तू मला म्हणालीस की शनिवारी घरी ये, गाणं ऐकवते. मी हो म्हटलं ते खट्ट्याच्या आशेनं. माझं गाणं म्हणजे आईची भजनं आणि लग्नातल्या लाउडस्पीकरवरची सिनेमाची गाणी. शास्त्रीय गाणं रेडिओवर लागलं की आमच्या घरी बटण फिरवत असत.

तुझ्या भावानं कुवेतहून एक टेपरेकॉर्डर पाठवला होता. कॅसेटचा नव्हे, त्याच्या आधीचा, बॅगेएवढा, वर दोन मोठी चाकं आणि त्यांवरून फिरणारी पट्टी. आपण त्याला मशीन म्हणायचो. तू दिवाणावर मांडी घालून काहीतरी शिवत बसायचीस, मी मोड्यावर. पहिल्याच शनिवारी मी सवयीनं पायानं ताल धरला, तर तू न बघताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास.

"मोजू नको. शाळा सुटली."

मग मी राग कोणता ते विचारलं. तू दोरा दातानं तोडलास आणि म्हणालीस, पाहुणा दारात आला की आधी त्याला बसू देतात, नाव मग विचारतात. तेव्हापासून मी नाव विचारणं सोडलं. पूरिया मी वर्षभर ऐकला आणि त्याचं नाव मला वर्षानंतर कळलं. तोवर तो घरातल्या माणसासारखा झाला होता.

तू कधी 'वा' म्हटलं नाहीस. डोळे मिटले नाहीस, मान हलवली नाहीस. तुझं एकच होतं. एखाद्या जागेला तुझी सुई थांबायची. कापडात अर्धी शिरलेली, तशीच. ती जागा सरली की पुन्हा चालू. हे तू जाणूनबुजून करत नव्हतीस, तुला ते माहीतही नसावं. मी मात्र काही महिन्यांत ओळखलं आणि गाणं ऐकायच्या ऐवजी तुझी सुई बघायला लागले. सुई थांबली की तिथं कान द्यायचा. असं करता करता एका शनिवारी मला सुई थांबायच्या आधीच कळलं की आता थांबणार. आणि थांबली. त्या दिवशी मी बसमध्ये एकटीच हसत घरी गेले. शेजारची बाई सरकून बसली. माझी आवड म्हणून जे काही आज आहे, ते सगळं त्या सुईवर बेतलेलं आहे, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू सुईच खाली ठेवली असतीस.

रेडिओवर चांगलं गाणं असलं की आपण ते मशीनमध्ये उतरवून घ्यायचो. वायर जोडून थेट घेता येतं, हे आपल्या दोघींनाही ठाऊक नव्हतं. तू मायक्रोफोन रेडिओसमोर उशीवर ठेवायचीस, दार-खिडक्या लावायचीस, आणि मग सगळ्यात मोठा धोका म्हणजे मी. माझ्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या. काढून ठेव म्हणायला तुझी जीभ रेटत नसे. सवाष्णीचे हात मोकळे राहिले तर माझ्या सासूबाई काय म्हणतील, हे तुला माझ्याइतकंच माहीत. म्हणून तू अब्बांच्या मागावरच्या हिमरूच्या दोन पट्ट्या काढून ठेवल्या होत्यास. माझी दोन्ही मनगटं बांगड्यांसकट त्यांत गुंडाळायची आणि गाठ मारायची. हात बांधून गाणं ऐकणारी महाराष्ट्रात मी एकटीच असेन, असं मी कुरकुरायचे. तरी माझा हात हलायचाच. म्हणून आपल्या प्रत्येक टेपवर, गाणं सुरू व्हायच्या आधी, तुझा आवाज आहे. "हालू नको विमल, बांगड्या वाजत्यात."

त्या टेपांतली सगळ्यात लाडकी टेप बाईंच्या पूरियाची. त्यांचं नाव मी इथं घेत नाही, आपणही घेत नव्हतो. आपल्या दोघींत 'बाई' म्हटलं की त्या एकच.

एवढं उतरवून ठेवलेलं गाणं ऐकायचं म्हणजे मात्र तुझा एक हट्ट होता. शनिवारची शाळा सकाळची. मी साडेबाराला तुझ्या घरी हजर, जेवणं आटोपलेली, मशीन समोर. पण लावायचं नाव नाही.

"ठैर ना. बल्ब पिवळा पडू दे."

त्या काळी आपल्या गावची वीज कशी होती, ते आजच्या लोकांना सांगून पटणार नाही. दिवेलागण झाली की बल्ब पिवळा पडायचा आणि पंख्याची पाती मोजता यायची. ती वेळ झाली की तू मशीन लावायचीस, त्याआधी नाही. का, असं विचारलं की उत्तर एकच, तवाच गाणं बसतं. मला वाटायचं, ही तुझी नजाकत. तुमच्याकडे बोलण्यात जशी असते, तशी गाण्यातही असणार. गाणं मंद उजेडात ऐकायचं, काहीतरी असा कायदा. मी मनातल्या मनात हसायचे आणि थांबायचे.

आणि त्या थांबण्यात, नसीम, आपण काय बोललो नाही? मला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, ते मी घरी सांगायच्या आधी तुला सांगितलं, बल्ब पिवळा व्हायची वाट बघताना. रुबीना तेव्हा दीड वर्षाची होती, झोपली होती, ती उचलून तू माझ्या मांडीवर ठेवलीस आणि शिवायला लागलीस. तुझा भाऊ कुवेतहून परत येणार नाही, त्यानं तिकडंच घर केलंय, हेही तू मला अशाच एका दुपारी सांगितलंस. तेव्हा तुझी सुई चालतच होती. गाण्याला थांबणारी तुझी सुई दुःखाला कधी थांबली नाही.

मग मी शहाणपणा केला.

आमचे हे म्हणायचे की कमी दाबाच्या विजेवर मोटार जळते. मशीन जळलं तर तुला कुवेतहून दुसरं कोण पाठवणार, या विचारानं माझा जीव वरखाली व्हायला लागला. ईदच्या आधी मी गुलमंडीवरून स्टॅबिलायझर घेतला. विजेचा दाब पडला तरी आतून सारखाच देणारा लोखंडी डबा, वर काटा, लाल दिवा. रिक्षात मांडीवर घेऊन तुझ्याकडे आले. तू डब्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. तुझे ओठ काहीतरी बोलायला उघडले होते. ते तू बोलली नाहीस. कशाला एवढं, असं काहीसं म्हणून तू आत गेलीस, हिमरूचा एक चौकोनी तुकडा आणलास आणि डब्यावर टेबलक्लॉथसारखा घातलास. मी इतकी खुशीत होते की त्या उघडलेल्या ओठांकडे मी लक्षच दिलं नाही.

लगेच मशीन लावायला लावलं, भर दुपारी. पूरियाच लावला. आवाज कसा उंच, लखलखीत आला. बाई झपाझप गात होत्या. मी म्हटलं, बघ कसा खुलला आवाज, इतकी वर्षं बिचाऱ्या अर्ध्या विजेवर गात होत्या. तू म्हणालीस, हां, खुलला. टेपच्या सुरुवातीचा तुझा आवाज तर एखाद्या शाळकरी मुलीचा वाटला आणि आपण दोघी पोट धरून हसलो. टेपवर आपला आवाज वेगळाच ऐकू येतो, असं सगळेच म्हणतात. मीही तेच धरून चालले.

त्यानंतर थांबायचं कारण उरलं नाही. मी साडेबाराला यायचे, दोन तास ऐकायचे आणि तीनच्या बसनं घरी. सासूबाई खूश, हे खूश. मला वाटायचं, मी तुझी केवढी सोय केली.

तुझी सुई त्या दिवसापासून थांबली नाही. बाई त्याच जागेवर यायच्या आणि तुझी सुई सर्रकन पुढं जायची. मी ते बघत होते, नसीम. मला वाटलं, ऐकून ऐकून तुला पाठ झालंय. मग वाटलं, नजर कमी झालीय, म्हणून शिवणाकडं जास्त लक्ष देतेस. उभ्या जन्मात मुलींना गणितं सोडवून दिली आणि डोळ्यांसमोरचं एवढं सोपं गणित मला सुटलं नाही.

मग दहा-बारा वर्षांनी ती मैफल. बाई आपल्या शहरात पहिल्यांदाच येणार होत्या. आपण दोघी तासभर आधी जाऊन तिसऱ्या रांगेत बसलो. आणि बाईंनी पूरियाच सुरू केला. खाली, खर्जाजवळ, इतका सावकाश की मला दोन सुरांच्या मध्ये अस्वस्थ व्हायला झालं. ज्या बाईंना मी इतकी वर्षं ऐकलं होतं, त्या ह्या नव्हत्याच. त्या तेजतर्रार, उंच, भरभर. ह्या थकलेल्या. तुझ्या हातात सुई नव्हती, तू पर्सची चेन उगाच उघडझाप करत होतीस. पहिल्या काही मिनिटांतच तो हात थांबला आणि शेवटपर्यंत हलला नाही. मी ते पाहिलं. पाहूनही माझंच खरं केलं.

रिक्षात बसल्या बसल्या मी म्हणाले की बाई थकल्या, आवाज उतरलाय, आता त्यांनी गाऊ नये. मला आठवतंय, तू आधी रिक्षाबाहेर बघत होतीस. मग वळलीस. इतक्या वर्षांत तुझा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला.

"थकल्या नाय त्या. तूच लई घाईत ऐकतीस."

"मी जे ऐकायला शिकले ते तुझ्या घरी शिकले. चूक असंल तर तुझी."

तू माझ्याकडे बघितलंस. तेच उघडलेले ओठ, डबा आणला त्या दिवशीचे. मला वाटलं, आता ही चांगली सुनावणार. मी तयारीतही होते. पण तू पुन्हा बाहेर बघायला लागलीस आणि शहागंज येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. उतरताना एवढंच म्हणालीस की नीट जा.

दोन महिने मी शनिवारी आले नाही. तूही बोलावलं नाहीस. शाळेत एकमेकींना रजिस्टरं द्यायचो, बस. मग एका रविवारी तू आमच्या गारखेड्याच्या घरी आलीस, पहिल्यांदाच न सांगता. रुबीनाच्या कॉलेजचा अर्ज मराठीत होता आणि तो तुला नीट समजत नव्हता म्हणे. तोवर तुझं लेखी मराठी माझ्यापेक्षा शुद्ध झालेलं. शाळेच्या नोटिसा तू लिहायचीस आणि वेलांटी चुकली म्हणून मला टोकायचीस. मी अर्ज भरून दिला. पुढच्या शनिवारी मी मोड्यावर होते.

पुढं मशीन तू लावेनाशी झालीस. जुनं झालं, पट्टी तुटते, असं म्हणालीस. आपण कॅसेट ऐकल्या, मग रुबीनानं आणून दिलेलं काय काय ऐकलं. पूरियाचा विषय निघाला की तुझा चहा ठरलेला.

परवा सगळे गेल्यावर रुबीनानं कपाटातून मशीन काढलं आणि टेपांचे डबे काढले. खाला, हे तुम्ही घेऊन जा, अम्मीनं सांगून ठेवलंय, असं म्हणाली. मी स्टॅबिलायझर कुठाय म्हणून विचारलं. तो दिवाणाखाली होता, हिमरूच्या तुकड्यात गुंडाळलेला, नव्यासारखा. एवढ्या वर्षांत जराही झिजला नाही, म्हणून मी त्याचं कौतुक केलं. रुबीना थोडी घुटमळली. मग म्हणाली, "खाला, तो डबा तुमच्यापुरताच लावायची अम्मी. तुम्ही बसनं गेलात की काढायची. मग बसायची तिथंच, बल्ब पिवळा व्हायची राह बघत."

मला समजलं नाही. तिनं समजावून सांगितलं, तू तिला सांगितलं होतंस तसं. आपण टेपा उतरवल्या त्या दिवेलागणीला, वीज पडलेली असताना. मशीन तेव्हा हळू फिरायचं. हळू फिरताना उतरवलेलं गाणं हळू फिरतानाच बरोबर वाजतं. पूर्ण विजेवर लावलं की ते चढतं आणि पळतं. म्हणून बल्ब. नजाकत वगैरे काही नव्हती त्यात. तवाच गाणं बसतं, हे तू अगदी साध्या अर्थानं सांगत होतीस आणि मी तुला शायर समजत होते.

मी रुबीनाला विचारलं की मला का नाही सांगितलं. तिनंही तुला तेच विचारलं होतं म्हणे, लहानपणी, आणि तू म्हणाली होतीस, "तिनं लई प्रेमानं आणलंय. गाणं काय, मी संध्याकाळी ऐकून घेते."

घरी येऊन मी तुझ्यावर खूप चिडले. अजूनही चिडलेली आहे. एवढी कसली तहजीब, नसीम? मला एक शब्द बोलली असतीस तर मी त्या डब्यावर कुंडी ठेवली असती. मला राग येतो तो खोट्या गाण्याचा नाही. मी तीनच्या बसनं जायचे आणि तू सहाला एकटी बसायचीस, याचा येतो. मी तुझ्या सगळ्या संध्याकाळी काढून घेतल्या आणि तू मला त्यांच्या दुपारी करून दिल्यास, हसत. त्या रिक्षात तर तुझ्याकडे उत्तर तयार होतं. तुझीच चूक आहे म्हणून मी सुनावलं, तेव्हा फक्त 'डबा' एवढं म्हटलं असतंस तरी मी गारद झाले असते. ते ओठ दोनदा उघडले आणि दोनदा मिटले. हरणं तुला परवडलं, माझी भेट चुकीची ठरवणं परवडलं नाही. अशी मैत्रीण मला मिळाली याचं काय करावं ते मला समजत नाही. रडू येतं, एवढंच.

आणि रुबीनानं आणखी एक सांगितलं, ते सगळ्यांत वाईट. पुढं पुढं तुमच्याकडे संध्याकाळची वीज पडणंच बंद झालं. बल्ब पिवळा होईना. तू काही दिवस वाट बघितलीस आणि मग मशीन कपाटात ठेवलंस. म्हणजे शेवटची इतकी वर्षं तुलाही तो पूरिया मिळाला नाही. मी डबा आणून जे केलं, तेच पुढं अख्ख्या गावाच्या विजेनं केलं, आणि तू दोघांनाही काही बोलली नाहीस.

मशीन घेऊन मी आमच्या चौकातल्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. शिंदे म्हणून आहे, चांगला माणूस आहे. त्याला म्हटलं, मला कमी दाबाची वीज पाहिजे, जुन्या संध्याकाळी असायची तशी. तो आधी हसला.

"काकू, लोकं लाइट वाढवून मागत्यात, तुम्ही पाडून मागताय व्हय?"

पण त्याच्याकडे त्याची युक्ती होती. दुरुस्तीला आलेल्या मोटारी तपासायला त्यानं लाकडाच्या फळीवर एक होल्डर बसवलाय. त्यात बल्ब लावायचा आणि वीज त्या बल्बमधून पुढं मशीनला द्यायची. बल्ब आपला वाटा खातो, लहान जास्त, मोठा कमी, आणि उरलेली मशीनला मिळते. किती साधी गोष्ट. एक फळी, एक होल्डर. तू असताना मला हे सुचलं असतं तर मी स्टॅबिलायझरच्या जागी ही फळी आणली असती आणि तिच्यावरही तू हिमरूचा तुकडा घातला असतास.

त्यानं दुकानातल्या खोक्यातून जुने बल्ब शोधून काढले आणि काल संध्याकाळी घरी येऊन फळी लावून दिली. कोणता बल्ब बरोबर, हे ठरवायचं कसं, असं त्यानं विचारलं आणि मी अडले. पूरिया लावला, पण तो बरोबर केव्हा होतो ते मला सांगता येईना. माझे कान इतकी वर्षं चुकीच्या गाण्याला सरावलेले. सुई बघावी तर सुई नाही. मग लक्षात आलं की टेपच्या सुरुवातीला तू आहेस. गाण्याचं मला कळत नसेल, तुझा आवाज तरी मला कळतो.

साठचा बल्ब लावला, तर चाकं जेमतेम हलली आणि तू हुंदका दिल्यासारखं काहीतरी वाजलं. शंभरच्या बल्बवर तू घशात कफ झालेल्या बाप्यासारखी बोललीस आणि शिंदेला हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. खोक्यात दोनशेचा एकच होता. तो त्यानं फिरवून बसवला. बल्ब पेटला, पण पुरता नाही. पिवळा.

आणि तू बोललीस.

"हालू नको विमल, बांगड्या वाजत्यात."

शाळकरी मुलगी नाही. तू. नवाबपुऱ्यातल्या त्या खोलीतली, बत्तीस-तेहतीस वर्षांची, दातात दोरा धरून बोलणारी. शिंदेनं विचारलं, हाच का काकू, आणि मी मान हलवली. तो फळी तशीच ठेवून हळूच दार ओढून निघून गेला.

माझ्या हातात आता दोनच बांगड्या असतात, त्याही न वाजणाऱ्या. तरी मी एका हातानं दुसरं मनगट धरलं. मागं खूप लांब कुणीतरी रिक्षाचा हॉर्न दिला, त्या संध्याकाळचा, टेपवरचा. मग बाईंनी सूर लावला. खाली, खर्जाजवळ. एक सूर, आणि मग कितीतरी वेळ पुढचा नाही. मी थांबले. मैफलीत झाले होते तशी अस्वस्थ झाले नाही. मी मनगट धरून बसले होते आणि बाई येत होत्या, त्यांच्या वेळेनं, एकेक पायरी उतरल्यासारख्या. मग ती जागा आली, आपली. माझी बोटं मनगटावर आवळली गेली आणि तशीच राहिली.

टेप संपली तरी बल्ब चालू ठेवला. आता सांगते, नसीम, ऐक. बाई थकल्या नव्हत्या.